पानगळीत दिसलेली रेघ

माघ संपत आला की देवासला कडुनिंबाची पानं गळायला लागतात. सकाळी अंगण झाडून काढावं आणि चहा होईस्तोवर पुन्हा पिवळा सडा. गहू पिकून उभा असतो, हवेत थोडा गारवा रेंगाळत असतो, मंडीच्या रस्त्यावर ट्रॉल्यांची रांग लागायला अजून अवकाश असतो. लोकांना हे दिवस आवडतात. मलाही आवडायचे. आता मात्र एखादं झाड पुरतं उघडं झालेलं दिसलं की मी आधी त्याच्या खालची जमीन बघते. पानांच्या खाली काय असतं ते मी एकदा बघितलं आहे.

मी जमिनीचे नकाशे करते. त्या वर्षी डहीच्या बाजूला कालव्याच्या मोजणीचं काम आमच्याकडे आलं होतं. डही म्हणजे धार जिल्ह्याचं पार दक्षिणेचं टोक. धार सोडायचं, घाट उतरून निमाडात यायचं, कुक्षी मागे टाकायची, मग पुढे नर्मदेपर्यंत उतरत गेलेली लाल-तांबूस जमीन आणि नदीपलीकडे सातपुड्याची निळी ओळ. अशी मोजणी पानगळीतच करतात. ड्रोनच्या पोटाशी बांधलेलं यंत्र उडता उडता खाली लेझरचे ठिपके मारत जातं, एकेका वावरावर लाखो. काही पानांवर पडतात, काही फांद्यांवर, काही फटीतून थेट मातीवर. नंतर संगणकावर झाडांचे आणि घरांचे ठिपके वेगळे काढायचे, की नुसती जमीन उरते. झाडं जितकी उघडी, तितकी जमीन स्पष्ट.

ड्रोन उडवायला इरफान होता. देवासचाच, माझ्याहून लहान. पण सगळे त्याला भिया, म्हणजे भैया, म्हणतात म्हणून मीही म्हणते. आम्ही पहाटे निघायचो. पळस नुसता पेटलेला असायचा. मोहाखाली बायकांनी पालापाचोळा जाळून जमीन काळी, स्वच्छ करून ठेवलेली असायची आणि त्या काळ्यावर रात्रभर गळलेली फिकट, रसरशीत फुलं. त्या फुलांचा वास मला अजून नाकात येतो. गोड, पण जरासा आंबूस, उशिरापर्यंत अंगावर राहणारा. होळीआधीच्या भगोरियाच्या जत्रांचे दिवस होते. कुठल्या तरी हाटातून ढोल ऐकू यायचा आणि तो थांबला की ऊन एकदम जास्त वाटायचं.

"दीदी, जमीन तो यहाँ की एकदम सीधी-सादी है," इरफान म्हणाला होता. "दो दिन में निपट जाएगी."

सीधी-सादी. मीही तेच समजून काम संपवलं आणि देवासला परत आले.

घरी मी आणि दादा, दोघंच. दादा म्हणजे माझे वडील. आजोबांच्या एकत्र कुटुंबात काका-आत्या ज्या नावांनी हाका मारत तीच आम्ही मुलांनी उचलली, म्हणून वडील दादा आणि आई वहिनी. वहिनी गेल्यापासून दादा दुपारी माझ्या टेबलासमोरच येऊन बसतात. ऐंशीच्या घरात आहेत. सगळी नोकरी सरकारी बांधकामांत गेली, धार आणि देवास जिल्ह्यांत. शाळा, दवाखाने, पाण्याच्या टाक्या. बोलायचा विषय बहुतेक तोच.

त्या दुपारी ते हरभरा सोलत होते आणि मी ठिपक्यांतून झाडं काढत होते. हे काम संगणक करतो, माणसाने बघत बसायचं असतं. आधी ताडीची झाडं गेली, मग पळस, मग मोह, मग घरांची कौलं. पडद्यावर करड्या रंगाची उघडी जमीन आली. उजेड मी बाजूने पाडून बघत होते, म्हणजे बारीकसा उंचवटाही सावली टाकतो.

आणि मला ती रेघ दिसली.

पूर्वेकडून पश्चिमेकडे गेलेली. वाट नव्हे, बांध नव्हे. बांध शेताचं ऐकतात, वाटा माणसांचं ऐकतात, ही कुणाचंच ऐकत नव्हती. रेघेच्या उत्तरेची जमीन उंच, दक्षिणेची खाली. पुरुषभर उंचीची पायरी, इतकी लांब आणि सलग, की जवळ उभ्या माणसाला ती पायरी आहे हेच कळू नये. मी तिथे उभी राहिले होते. तिच्यावर बसून डबा खाल्ला होता.

मग मी नाले बघितले. डोंगराकडून नदीकडे येणारे लहान नाले रेघेपर्यंत सरळ येत होते, रेघेवर पश्चिमेला वळत होते, थोडं तिच्या कडेने चालत होते आणि पुन्हा सरळ दक्षिणेला उतरत होते. एक नाला असा वागला तर म्हणावं, खडक आडवा आला असेल. सगळेच तसे वागत होते.

मी एक करून बघितलं. नकाशा त्या रेघेवर कापला आणि खालचा भाग हळूहळू पूर्वेकडे सरकवत गेले. एका बैलगाडीच्या लांबीइतका सरकला आणि सगळे लहान नाले एकाच क्षणी जुळले. एकेक करून नव्हे, सगळे एकदम. फाटलेला कागद जुळावा तसे.

एक मोठा, जुना नाला तेवढा जुळला नाही. त्याला आणखी तेवढंच सरकवावं लागलं. म्हणजे हे दोनदा झालं होतं. एकदा तो मोठा नाला होता आणि लहान अजून जन्मायचे होते तेव्हा, आणि पुन्हा एकदा सगळे वाहायला लागल्यावर. जमीन दोनदा फाटून सरकली होती. भूकंपाच्या भ्रंशरेषेबद्दल मी कॉलेजात शिकले होते, पण ते जपानचे, तुर्कस्तानचे फोटो. हे मोहाच्या झाडाखालचं होतं.

हळूहळू सरकली असेल, मी स्वतःला म्हटलं. वर्षाला केसभर. कुणाला कळलंही नसेल.

धीर यावा म्हणून झाडं आणि घरं परत चालू केली. हिरवळ आली, कौलं आली. रेघ झाकली गेली. आणि ती जिथे होती नेमक्या तिथे, उंचवट्याच्या काठावर, एक लांब काटकोनी छप्पर होतं.

"हे डहीजवळचं?" दादांचा आवाज कानाशी आला. चष्मा वर सरकवून ते कधी मागे येऊन उभे राहिले मला कळलंच नाही. लोक वर्तमानपत्र वाचतात तसा हा माणूस नकाशा वाचतो. "अगं, ही माझी शाळा!"

ती शाळा मला आमच्या घरातल्या माणसासारखी माहीत होती. दादा तेव्हा नवे इंजिनीअर. गावाला शाळा नाल्याजवळ हवी होती, पाणी जवळ म्हणून. दादा अडून बसले. उंचवट्यावरच बांधीन म्हणाले. पुढे मोठा पूर आला तेव्हा खालच्या फलियातली, म्हणजे नाल्याकाठच्या वस्तीतली, सगळी माणसं त्या शाळेत राहिली. पाणी जोत्याला लागलंसुद्धा नाही. ही गोष्ट सांगताना दादा दर वेळी तळहात आडवा धरून दाखवत, पाणी इथे आणि शाळा इथे.

"दादा," मी म्हटलं, "जरा बसून घ्या."

मग झाडं काढून दाखवली, रेघ दाखवली, नाले सरकवून दाखवले.

"पुन्हा सरकव."

सरकवलं.

"पुन्हा."

नाले फाटत होते आणि जुळत होते. टेबलावर हरभऱ्याचे हिरवे दाणे तसेच पडलेले.

"पुरे," ते म्हणाले. चष्मा काढत म्हणाले, "तो उंचवटा म्हणजे..."

"हो. त्यानेच झालेला."

"म्हणजे सगळ्या गावात जी एक जागा टाळायला हवी होती, तिथेच मी मुलं नेऊन बसवली."

"तुम्हाला कसं कळणार होतं? हे यंत्रच नव्हतं तेव्हा."

"कळणार नव्हतं, खरं आहे," ते म्हणाले. "पण बसवली ना."

माझे वडील मी दोनदा हादरलेले बघितलेत. एकदा वहिनी गेली तेव्हा, आणि त्या दुपारी. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून, अंघोळ करून, कोट घालून ते दाराशी उभे होते. "चल. बघून घेऊ."

शाळेच्या मुख्याध्यापिका कमला मॅडम त्याच गावच्या, खालच्या फलियातल्या. याच शाळेत शिकून त्या याच शाळेच्या मुख्य झालेल्या. मी वडिलांना दादा म्हणून हाक मारली तर त्यांनी विचारलं, "आपके दादाजी?" मी सांगितलं, नाही, पिताजी, आम्ही दादाच म्हणतो, आणि ही शाळा त्यांनी बांधली. त्यांनी वाकून दादांच्या पायांना हात लावला.

"सर, उस बाढ़ में मैं इसी कमरे में थी. माँ ने डर के मारे मुझे टेबल पर खड़ा कर दिया था. सारी रात."

दादांनी मान खाली घातली.

छताकडे बघितलं तर सळया आकाशात वर आलेल्या. मुलींच्या वसतिगृहासाठी दुसरा मजला मंजूर झाला होता. होळी झाली की काम सुरू व्हायचं होतं. वर मुली झोपणार होत्या.

इरफानने यंत्रावर जागा बघत बघत मैदानात चुन्याची रेघ ओढली. मैदान ओलांडून, झेंड्याच्या खांबाजवळून, ती शेवटच्या वर्गाच्या कोपऱ्याखाली शिरली. मधली सुट्टी झाली आणि मुलं धावत बाहेर आली. पांढरी रेघ बघून त्यांना खेळच सापडला. "इधर!" "उधर!" एका उडीत या बाजूला, एका उडीत त्या बाजूला. काही जण उंचवट्याच्या उतारावरून घसरगुंडी करत होते. त्यांच्या बसण्याने तिथे गुळगुळीत वाट झालेली. मी थांबवणार होते, पण काय म्हणून थांबवणार? रेघेपासून दोन हात लांब उभं राहून कुणी वाचत नसतं.

कमला मॅडम हे सगळं ऐकून घेऊन शांतपणे म्हणाल्या, "कब आएगा?"

"पता नहीं."

"इस साल? मेरी नौकरी में?"

"कल भी हो सकता है. हमारे पोते-पड़पोते भी न देखें, ये भी हो सकता है."

"तो मैडम, आप मुझे बताने क्यों आईं?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "कल सुबह मैं बच्चों को अंदर बिठाऊँ कि बाहर?"

त्यांनी दुसऱ्या दिवशी शेवटचा वर्ग मोहाखाली भरवला. फळा झाडाला टेकवून. वरून फुलं पडत होती आणि मुलं ती खात खात पाढे म्हणत होती.

मी नकाशा पाठवल्यावर भोपाळहून भूगर्भशास्त्राचे एक सर आले. नुसत्या नकाशावरून मोठं काही बोलू नये, म्हणाले. रेघेला आडवा चर खणून मातीचे थर बघायला हवेत. शाळेपासून थोडं दूर, एका पडीक वावरात जेसीबीने चर खणला. माणूस उभा राहील एवढा खोल. आत गारवा होता आणि ओल्या मातीचा वास. सर खुरप्याने चराची भिंत तासत होते. थर सरळ येत होते आणि एका जागी तुटत होते, सुरीने कापलेल्या बर्फीसारखे. तुटलेल्या जागी वरून ढेकळं कोसळून भरलेली. हळूहळू सरकलेल्या जमिनीत अशी ढेकळं कोसळत नाहीत, सर म्हणाले. "ये टूट एक झटके की है. बस, एक."

माझा उरलासुरला धीर तिथे संपला. पण खरा धक्का अजून यायचा होता.

तुटीच्या अगदी कडेला, वरच्या थरात, माती विटेसारखी लाल भाजलेली निघाली. तिच्यावर राख. राखेत कोळसा. आणि दोन दगड, आतल्या बाजूने काळे.

"चूल्हा है," वर उभ्या कमला मॅडम म्हणाल्या.

चूलच होती. अर्धी. लाल माती तुटीपाशी येऊन कापल्यासारखी थांबत होती. तिसरा दगड नव्हता.

चराच्या काठावर प्लास्टिकच्या खुर्चीत दादा बसले होते. ते उठले. "मंजू, तुझ्या नकाशाप्रमाणे उरलेली चूल कुठे असायला हवी?"

"पश्चिमेला, एक गाडी लांब. आणि खाली, मांडीएवढी."

"मग मोज."

इरफानने टेप धरली. ज्या अंतराने मी टेबलाशी बसून नाले जुळवले होते, तेच अंतर आम्ही त्या वावरात मोजलं, खुंटी ठोकली आणि तुटीच्या पलीकडे खणायला घेतलं. मला मनापासून वाटत होतं की तिथे काही निघू नये. नुसती माती निघावी, सरांनी हसावं, आम्ही सामान आवरावं. दुपार कलली. खुरप्याला लाल माती लागली. मग राख. मग एक दगड, आतल्या बाजूने काळा.

इरफान टेप हातात धरून तसाच उभा राहिला. "अल्ला," एवढंच म्हणाला, अगदी हळू.

नाले नाल्यांसारखे असतात. चूल माणसाने मांडलेली असते. तिच्यावर कुणी भाकरी टाकली असेल, कुणी फुंकर मारली असेल, डोळ्यांतून पाणी काढलं असेल. मी पडद्यावर जे मागेपुढे सरकवत होते, ते ही चूल मांडणाऱ्या बाईच्या पायांखालून गेलं होतं.

दादा हट्टाने चरात उतरले. इरफानने एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या. त्यांनी वाकून भाजलेल्या मातीवर तळहात ठेवला आणि तो कितीतरी वेळ उचलला नाही.

"औरत अंदर थी कि बाहर?" कमला मॅडमनी वरून विचारलं.

सर म्हणाले, ते माती सांगत नाही. कोळसा तपासायला पाठवतो, त्यावरून काळ कळेल. पण भूगर्भाच्या हिशेबात ही कालचीच गोष्ट समजा.

धारला जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांबरोबर बैठक झाली. माणसं वाईट नव्हती. त्यांनी चहा दिला, फोटो नीट बघितले. मंजूर झालेलं काम थांबवायचं म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून, ही त्यांची अडचण होती. एक तरुण अधिकारी दादांना आदरानेच म्हणाला, "सर, आपकी ही बिल्डिंग है. इतने बरस में एक दरार नहीं आई. इतने साल कुछ हुआ क्या?"

"नहीं हुआ," दादा म्हणाले. "उस चूल्हे वाली का भी बहुत साल कुछ नहीं हुआ था."

मग दादांनी आपलं मत स्पष्ट सांगितलं: जागा मी निवडली होती, तेव्हा जे दिसत होतं त्यावरून निवडली होती, आता जास्त दिसतं आहे. वर मजला चढवू नका, आणि जमेल तितक्या लवकर मुलं तिथून हलवा.

दुसरा मजला झाला नाही. सळया कापल्या गेल्या. रेघेपासून दूर, नाल्यापासूनही दूर, गावाच्या खळ्याजवळच्या सरकारी जमिनीवर नवी शाळा आणि वसतिगृह बांधायचं ठरलं आणि लिहिताना वाटतं त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ घेऊन ते झालं. गाव खूश नव्हतं. खालच्या फलियाला नवी शाळा लांब पडते. "पूर आला तर कुठे जायचं?" हे त्यांनी विचारलं आणि ते विचारणं बरोबर होतं, नव्या जागेपर्यंतचा रस्ता भर घालून उंच करायला कमला मॅडमनी किती हेलपाटे घातले ते त्यांनाच ठाऊक. जी जागा एकदा त्यांना वाचवून गेली, तिच्यावर विश्वास ठेवू नका, असं सांगायला आम्ही देवासहून आलो होतो. आमच्या हातात एक नकाशा आणि तीन दगडांचे फोटो.

त्यानंतर मी खूप जागा मोजल्या. सोनकच्छकडची शेतं, मांडूच्या पायथ्याचे उतार. दर वेळी झाडांचे ठिपके काढायची वेळ आली की हात जरा अडखळतो. आजवर पुन्हा तसं काही दिसलेलं नाही. तरी चहाच्या दुकानात, बँकेच्या रांगेत, कुणाच्या लग्नाच्या मांडवात माझं लक्ष एकदम पायांखाली जातं. आजूबाजूला लोक हसत असतात, वाढपी बाफले वाढत असतात, आणि मला वाटतं, यांना कुणी विचारलेलंच नाही की तुम्ही कशावर बसला आहात.

या वर्षी दादा म्हणाले, एकदा तिकडे जाऊन येऊ. गुडघे साथ देत नाहीत, पण गेलो. नव्या शाळेत कमला मॅडमनी आम्हाला वसतिगृह दाखवलं. खाटांच्या रांगा, खिडक्यांत वाळत घातलेल्या ओढण्या, भिंतीवर मेंदीचे हात. मुलींनी "नमस्ते दादाजी" म्हटलं. आता मी कुणाला दुरुस्त करत नाही.

परतताना गाडी जुन्या शाळेशी थांबवली. ती उभी आहे, तशीच. व्हरांड्यात कुणीतरी मोहाची फुलं वाळत घातली होती. त्यांची राखण करत बसलेला एक म्हातारा दादांना ओळखून उठला. खालच्या फलियातला, पुराच्या वेळचा तरणा गडी.

"साहब, तुम्हारी स्कूल तो खड़ी है," तो दात नसलेल्या तोंडाने हसत म्हणाला. "कुछ नहीं हुआ. फोकट में सबको डरा दिया तुमने."

"खड़ी रहे, भाई," दादा म्हणाले. "खूब साल खड़ी रहे."

घाट चढेपर्यंत ते खिडकीबाहेरच बघत होते. मला वाटलं, म्हाताऱ्याचं बोलणं लागलं असणार. ज्या माणसाने आयुष्यभर ओळंबा लावून भिंती उभ्या केल्या त्याला कुणी तोंडावर चूक म्हणावं! मी म्हटलं, "दादा, मनाला लावून घेऊ नका."

"छे गं," ते म्हणाले. "अगदी बरोबर बोलला तो. जन्मभर मला एकच हौस होती, आपलं म्हणणं खरं ठरावं. आता रोज सकाळी देवापुढे हात जोडतो आणि एवढंच मागतो, मला खोटा ठरव."